कडी मिटली त्या वर्षी

नवी दुर्बीण घ्यायचा विषय आमच्याकडे पितृपक्षात निघाला, त्यामुळे खरेदी आपोआप पुढे गेली. बोलणं मात्र रोज चालू राहिलं. विषय काढला तो यांनी. मला जरा नवल वाटलं, कारण यांना आता दुर्बिणीतून काही दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूत आधी डावा डोळा गेला, मग उजवा. दिवा लागला की विझला, एवढंच कळतं.

जुनी दुर्बीण यांच्याच हातची. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना, आमची केतकी तिसरीत होती तेव्हा, यांनी मागच्या व्हरांड्यात पिंपावर सहा इंची काच ठेवून चार महिने घासली होती. ऑफिसातून आले की चहा, आणि मग पिंपाभोवती फेऱ्या. शेजारच्या बाई मला विचारायच्या, भाईसाब कौन-सा व्रत कर रहे हैं? घासलेल्या काचेवर करोल बागेतल्या दुर्बिणीवाल्या बत्रांच्या ओळखीने चकचकीत मुलामा चढवून आणला, की झाला आरसा. सुताराकडून लाकडाची चौकोनी नळी करून घेतली. आरसा नळीच्या तळाशी असतो, तिथे एक लहान खिडकी ठेवली, आरशावरचं झाकण घालता-काढता यावं म्हणून. निवृत्तीनंतर आम्ही दिल्लीच्या कडेला, वसुंधरा वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. वर गच्ची आहे. जिन्याच्या डोक्यावरच्या छोट्या खोलीत, इथे तिला ममटी म्हणतात, तिथे दुर्बीण ठेवली.

यांचे डोळे गेल्यावर ठरलं की मी बघायचं आणि सांगायचं. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा, अंधार पडला की गच्ची, आणि खाली येऊन यांच्या खुर्चीजवळ बसून काय दिसलं ते. चंद्र असेल तर चंद्र. गुरू असेल तर त्याचे चार चंद्र कुठल्या बाजूला किती. आजारपण आणि पाऊस सोडला तर यात खंड पडला नाही. सुरुवातीला शनीकडे रोखून बघायला मला संकोच वाटायचा. मी आधी हात जोडायची. हे म्हणायचे, हात जोड, पण तेल नको घालू, भिंग खराब होईल. आरसा तेवढा तू सांभाळ, असं दुर्बीण माझ्याकडे सोपवताना यांनी सांगितलं होतं. तो मी सांभाळत होते.

नवी दुर्बीण मला हवी होती. का हवी होती हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

गेल्या वर्षीच्या थंडीत गुरूवरचे पट्टे मला दिसेनासे झाले. दुधात बोट बुडवून काचेवर टेकवावं तसा नुसता डाग दिसायचा. मी ते यांना दोनदा सांगितलं. हवा, म्हणाले. दिल्लीच्या हवेपुढे कुणाचं काय चालतं. तिसऱ्या दिवशी हे दवाखान्यातून आले होते. आता पुन्हा यायची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ आम्हा दोघांना कळला होता. संध्याकाळी यांनी विचारलं, पट्टे दिसले का? मी म्हटलं, दिसले, दोन.

पुढे ते सोपं होत गेलं. यांच्या निरीक्षणाच्या वह्या कपाटात वर्षवार लावलेल्या आहेत. त्या महिन्याचं पान काढायचं, दोन ओळी पाठ करायच्या, गच्चीवर जाऊन यायचं आणि सांगायचं. दिवा लावल्यानंतर खोटं बोलायचं नाही, हा नेम मी लग्नाच्या आधीपासून पाळत आले होते. तो मी रोज मोडत होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा लावत होते.

मग गणपती उठले त्या आठवड्यात शनी संध्याकाळी वर यायला लागला. मी दुर्बीण लावली तर शनीला कडंच नव्हतं. एक धुरकट गोळा, बस्स. आता ही दुर्बीण संपली अशी माझी खात्री झाली. खाली येऊन मी २०१७ची वही उघडली, कारण त्या वर्षीचं यांचं अक्षर मला पटकन लागतं. त्यातलं वाक्य मी तसंच सांगितलं. कडी पूर्ण उघडलेली, मधली काळी फट चहूकडून सुटी दिसते. हे नुसतं "अच्छा" म्हणाले. दोन दिवसांनी यांनी केतकीला फोन केला, की आईसाठी मोठी दुर्बीण बघायची आहे. आणि मला म्हणाले, तूही एकदा डोळे तपासून घे. मी म्हटलं, नवरात्र होऊ दे.

केतकी नोएडाला राहते. शनिवारी लॅपटॉप घेऊन आली. तिने तक्ता केला होता, ऑफिसात करतात तसा. तिचा कल एका नव्या प्रकाराकडे होता. ही दुर्बीण आकाशातली वस्तू स्वतःच शोधते, फोटो काढते आणि फोनवर दाखवते. बाल्कनीत ठेवायची आणि चहा पीत बघायचं. आईने साठीनंतर गुडघे घेऊन गच्ची कशाला चढायची, यार, आणि त्यात म्हणे धुरातूनही दिसतं. हे म्हणाले, मग फोनच बघितल्यासारखं झालं, तो तर ती असाही बघत नाही.

"बाबा, पण तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही तर नुसतं ऐकताच."

हे हसले.

"म्हणूनच फरक पडतो," म्हणाले. "फोटोत काय आहे ते मला कुणीही सांगेल. तिला काय दिसलं ते मला ऐकायचंय."

मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

तक्त्यात दुसरी होती ती चार इंची, भिंगाची. हलकी, एका हाताने उचलावी आणि बाहेर ठेवावी. ती मला आवडली होती. तिसरी आठ इंची आरशाची, फिरत्या खोक्यावर बसवलेली. खोकं वेगळं आणि नळी वेगळी उचलायची, तरी प्रत्येक भाग दहा-बारा किलोचा. दहा इंचीही होती, पण ती यांनीच काढून टाकायला सांगितली. आपल्या आकाशात आरसा जितका मोठा तितका रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेडही जास्त गोळा होणार, आणि जिना आहेच. यांचा कौल आठ इंचीला होता. सहापेक्षा पावणेदोन पट प्रकाश येईल, डोळ्याला कष्ट कमी. हे 'डोळ्याला कष्ट कमी' यांनी त्या दिवशी तीनदा म्हटलं. केतकी म्हणाली, वजनाचं काय? हे म्हणाले, चाकं लावू. यावर वाद होऊन शेवटी ठरलं की दसरा झाला की करोल बागेत जायचं आणि बत्रांकडे आठ इंची डोळ्याने बघून मगच काय ते नक्की करायचं. जाताना जुना आरसाही घेऊन जा, हे म्हणाले. नवी घेतली तरी ही काही टाकायची नाही, मुलामा कसा आहे ते बत्रा बघेल.

खंडेनवमीला मी दरवर्षीप्रमाणे दुर्बिणीच्या नळीला हळदकुंकू लावलं. दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी हे ममटीत खुर्ची टाकून बसले आणि मला एकेक सांगत गेले. खालचे तीन नट सैल कर. एक हात खाली धर. आरसा बाहेर आला तसे यांनी हात पुढे केले. मी दिला. यांनी तो कडेने धरला, बोटं कडेवरून गोल फिरवली, मागची बाजू चाचपली. पुढच्या बाजूला बोट नेलं नाही.

"याच्या तोंडाला हात लावायचा नाही, माहितीये ना," म्हणाले. "श्वाससुद्धा नाही. धूळ बसली तर वर्षानुवर्षं बसू द्यायची. पुसला की गेला."

मी हो म्हटलं.

रोज सकाळी देव पुसून झाले की मी वर जायची, खिडकी उघडायची, झाकण काढायची, आरशावर हळूच हाऽ करायची आणि देवांच्याच मलमलीने तो पुसायची. सहा वर्षं. इथली धूळ अशी की एक दिवस गेला तरी त्यावर बोटाने नाव लिहावं. माझ्याकडे जे सांभाळायला दिलं जातं ते मी रोज पुसते. माझ्या माहेरची अन्नपूर्णा देव्हाऱ्यात आहे, तिला आता नाक उरलेलं नाही. हे मला तेव्हा, नट हातात धरून उभी असताना आठवलं.

आरसा मी स्वेटरमध्ये गुंडाळून पुरणपोळ्यांच्या डब्यात घातला आणि केतकीबरोबर वैशाली स्टेशनहून मेट्रो धरली. तपासणीला शिपाईबाईंनी डबा उघडायला लावला. स्वेटर बाजूला केल्यावर त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, म्हणून त्यांनी बिंदी सारखी केली आणि जाने दो म्हणाल्या.

बत्रांचं दुकान गाड्यांची सीट-कव्हरं विकणाऱ्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जमीनमोजणीच्या दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, जुनी होकायंत्रं. ते आता सत्तरीचे आहेत. शांताराम साहब कैसे हैं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी थोडा वेळ टेबलावरची धूळ झटकली आणि मग गच्चीवर चला म्हणाले.

वर आठ इंची मांडलेली होती. दिवसाउजेडी तारे कुठले, म्हणून त्यांनी ती दूरच्या एका इमारतीकडे वळवली. मी डोळा लावला. अशा दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. एक पाटी खाली डोकं वर पाय अशी समोर आली. कार एसी, गैस भराई. खाली फोन नंबर. मी तो सगळा वाचला. पाटीच्या कोपऱ्यात एक खिळा गंजला होता, तोही दिसला. केतकीने बघितलं तर तिला पाटी सापडेचना, मीच शोधून दिली. आंटीजी की आँख तो बच्चों वाली है, बत्रा म्हणाले.

मग त्यांनी डबा उघडला. आरसा कडेने उचलून आधी तिरका धरला, नंतर मागून ट्यूबलाइटसमोर. मला समोरून दिसलं. आरशाच्या मध्यातून, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतून, दिवा आरपार येत होता. भोवती बारीक ओरखडे, वर्तुळावर वर्तुळ, सगळे एकाच दिशेने गेलेले.

"इसको रोज़ कौन पोंछता है?" बत्रांनी विचारलं.

"मैं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आरसा परत स्वेटरवर ठेवला. म्हणाले, काच साहेबांनी जशी घासली तशीच आहे, तिला काही झालेलं नाही. फक्त वरचं कोटिंग गेलं. ते रासायनिक पाण्याने पूर्ण काढून नवीन चढवता येईल. मध्ये दिवाळी आहे, म्हणजे महिना-सव्वा महिना धरा. आरसा मी त्यांच्याकडे ठेवला. आठ इंचीचं काय, असं केतकीने विचारलं. ते म्हणाले, आहे इथेच, कळवा.

परतीच्या गाडीत केतकी माझ्या कानाशी बोलत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आठ इंची घेऊन टाकू. बाबांना आरशाचं सांगायचंच कशाला? जुना कोटिंगला दिलाय म्हणायचं, ते खोटंही नाही. नव्या दुर्बिणीतून तुला सगळं दिसेल, तू सांगशील, ते ऐकतील. तिला वह्यांचं काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिला ते सोपं वाटत होतं. मलाही दोन-तीन स्टेशनं सोपं वाटलं. सगळं खरं दिसायला लागलं की मागचं खोटं कुणाला कळणार होतं? गाडी यमुनेच्या पुलावर आली. मी म्हटलं, आठ इंचीचं आज ठरवू नकोस, आधी मी बोलते.

संध्याकाळी दिवा लावला. गच्चीवर जायचं कारण नव्हतं, नळी रिकामी होती. मी यांच्या खुर्चीजवळ जाऊन बसले. हे वाट बघत होते, बत्राने काय सांगितलं म्हणून. मी आरशापासून सुरुवात केली. रोज पुसत होते, हे सांगितलं. मधून आरपार दिसतं, हेही. मग तशीच पुढे गेले आणि गुरूच्या पट्ट्यांचं सांगितलं, वह्यांचं सांगितलं. वर्षभरात तुम्हाला जे सांगितलं त्यातलं निम्मं मी बघितलेलं नाही.

"माहितीये," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"गणपतीच्या आठवड्यात तू मला सतरा सालचं पान वाचून दाखवलंस. चहूकडून सुटी फट. ते वाक्य माझं आहे, अलका. आणि यंदा शनीची कडी मिटलीत. आपल्याकडे धार करून उभा आहे तो. साधारण पंधरा वर्षांनी एकदा होतं. डोळे गेले तेव्हापासून मी या वर्षाची वाट बघतोय. एक दिवस तू खाली येशील आणि म्हणशील, अहो, शनीला कडंच नाही."

"तसंच दिसलं होतं मला," मी म्हटलं.

"मग तेवढंच सांगायचं होतं."

आधी सांगून ठेवायचं होतंत ना, असं माझ्या तोंडावर आलं. ते यांना कळलं असावं. म्हणाले, बघणाऱ्याला काय दिसणार ते आधी सांगायचं नसतं. सांगितलं की तो तेच बघतो.

मग यांनी आठ इंचीचा आग्रह का धरला ते सांगितलं. त्या पानानंतर यांना वाटलं होतं की माझेही डोळे जायला लागले, आणि मी ते लपवतेय. मोठ्या आरशाने प्रकाश वाढला तर आणखी काही वर्षं मला बघता येईल, एवढाच यांचा हिशेब. हे सांगताना यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त हात खुर्चीच्या दांड्यावर पुढे-मागे होत होता.

"बत्राच्या गच्चीवरून काय वाचलंस?" यांनी विचारलं.

"कार एसी, गैस भराई."

"उलटं?"

"उलटं. खाली फोन नंबर होता." मला त्याचे पहिले चार आकडे आठवत होते, ते सांगितले. कोपऱ्यातला गंजका खिळाही सांगितला.

यांनी मान मागे टेकली. मग म्हणाले, आरसा काय, परत होईल. कुठल्या बाजूने पुसायचीस? मी म्हटलं, प्रदक्षिणेच्या. घासलाही तसाच होता, हे म्हणाले.

यांना राग आला नाही असं नाही. पुढचे दोन दिवस हे माझ्याशी जेवताना बोलले नाहीत. चातुर्मासात माझं जेवताना मौन असतं, त्यामुळे बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. राग आरशाचा नव्हता. तिसऱ्या दिवशी एकदाच म्हणाले, "वही उघडायला नको होतीस. दिसलं नाही, हेही दिसलेलंच असतं."

दिवाळीला केतकी आली तेव्हा दुर्बिणीचा विषय पुन्हा निघाला. हे म्हणाले, बघायचं तिला आहे, ती सांगेल ते. मी म्हटलं, नवी आत्ता नको. सहा इंचीतून जे दिसतं ते आधी खरं सांगून होऊ दे. ते कमी पडलं तर बघू. केतकीने चार इंचीबद्दल पुन्हा विचारलं, हलकी आहे म्हणून. मी नाही म्हटलं. तिने तक्ता मिटवला नाही, तो तिच्या लॅपटॉपमध्ये अजून आहे.

आरसा आला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. धुरामुळे आठवडाभर काहीच करता आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी दुपारपासून वारा सुटला आणि पूजेची तयारी करताना खिडकीतून समोरच्या टॉवरचे मजले मोजता यायला लागले. संध्याकाळी पूजा केली, दिवा लावला, उपास सोडायच्या आधी वर गेले. शनी दक्षिणेला वर होता. मी हात जोडले आणि डोळा लावला.

खाली आले तेव्हा हे खुर्चीत ताठ बसले होते.

"गोळा आहे," मी सांगितलं. "कडेला स्वच्छ आहे, डाग नाही. त्याच्यातून आरपार एक रेघ गेलीय. मोत्यात सुई ओवावी तशी. दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आलीय. फट नाही. कडं असं नाहीच."

"रेघ सलग आहे?"

"डावीकडे सलग. उजवीकडे टोकाला थरथरते, नक्की सांगता येत नाही."

"आणि?"

"एक ठिपका आहे. रेघेच्या ओळीत, पण लांब."

"कुठल्या बाजूला?"

मला आठवेना. मी तसं सांगितलं. हे म्हणाले, जा, बघून ये. मी परत जिना चढून गेले, बघितलं, खाली आले आणि सांगितलं. यांनी मला २००९ची वही काढायला लावली. त्यात यांनी पेन्सिलीने काढलेला एक गोळा होता आणि त्यातून गेलेली रेघ. वाचू नकोस, हे म्हणाले, नुसतं बघ, तसंच आहे का. मी बघितलं. तसंच होतं, फक्त ठिपका दुसऱ्या बाजूला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पेचकस मागितला. मी हात धरून ममटीत नेलं. नळीच्या तळाशी बसून, चाचपत, यांनी त्या लहान खिडकीला चार स्क्रू मारले. आता झाकण नळीच्या वरच्या तोंडाला घालायचं, असं ठरलं. एक स्क्रू वाकडा गेला, तो तसाच राहिला.

मी अजून रोज देव पुसते. झाले की हात पुसून वर जाते, सवयीने. खिडकीवर हात टेकला की तो वाकडा स्क्रू बोटाला लागतो. मग कपडे वाळत घालून खाली येते.